रोहकले मॅडमच्या चार मशिनी आणि रंभाजी शिपाई

आंबेखिंड नावाच्या गावात रंभाजी नावाचा एक भोळा शिपाई राहायचा. भोळा म्हणजे असा, की दाराकडे लक्ष ठेव म्हटलं तर तो दाराकडेच बघायचा. खिडकीतून कुणी टेबल उचलून नेलं तरी त्याची मान वळायची नाही.

गावाबाहेर माळावर एक इंजिनियरिंगचं कॉलेज होतं. तिथली कॉम्प्युटरची प्रयोगशाळा रंभाजीकडे होती. झाडायचं, पुसायचं, कुलूप लावायचं. प्रयोगशाळेच्या बाई म्हणजे रोहकले मॅडम. कॉम्प्युटर एकमेकांशी कसे बोलतात, ते त्या मुलांना शिकवायच्या. पण बोलायला कॉम्प्युटर तर हवेत! बहुतेक सगळे बंद पडलेले. एक नवा आलेला तेवढा धड होता.

अशात निरोप आला की तपासणीची कमिटी येणार. कमिटीला काम पसंत पडलं तर कॉम्प्युटरची शाखा राहील, नाही तर बंद. शाखा बंद म्हणजे मॅडमची बदली लांब कुठेतरी, आणि रंभाजी परत कॉलेजच्या विहिरीवर, पंप चालवायला. पंपाच्या खोलीत साप निघायचे. रंभाजी सापाला फार भ्यायचा. सापाचं नाव काढलं तरी तो पाय वर घेऊन बसायचा.

मॅडम म्हणाल्या, "रंभाजीभाऊ, घाबरू नका. या एका मशीनमध्ये आपण चार मशिनी बसवू. चौघी एकमेकींशी बोलतील. कमिटी खूश होईल. तुम्ही फक्त झाकण उघडून आतली धूळ काढून ठेवा, मी जेवून येते."

"एकात चार?"

"एकात चार."

रंभाजीनं झाकण उघडलं. आत डोकावला. जागा फार कमी होती. पण मॅडम बोलल्यात म्हणजे बसत असणार. तो सायकल काढून घरी गेला.

मॅडम जेवून आल्या तर रंभाजी घामाघूम. त्याच्या बायकोचं, सुगंधाचं शिवणाचं मशीन अर्धं कॉम्प्युटरच्या खोक्यात आणि अर्धं बाहेर. रंभाजीच्या हातात हातोडी.

"अहो, हे काय करताय?"

"हे एक बसंल मॅडम, जरा ठोकावं लागंल. दुसरं गिरणीवाला देतो म्हनला. पण ते बैलगाडीतनं आणावं लागतंय."

मॅडमनी आधी हातोडी काढून घेतली. मग म्हणाल्या, "अहो, या मशिनी खऱ्या नसतात! दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत. नसल्या तरी आहेत असं मानायचं आणि काम पुढे न्यायचं."

"नसलं तरी हाय असं मानायचं?"

"हो."

"मग हे आधी सांगायचं न्हवं का! आता ध्यानात ठेवतो."

आणि रंभाजीनं खरोखर ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संस्थेचे आप्पासाहेब आले. तयारी कुठवर आली ते बघायला. प्राचार्य वाळिंबे सर लगबगीनं म्हणाले, "रंभाजी, आप्पासाहेबांना खुर्ची आण. आणि चहा आण."

खुर्च्यांच्या खोलीला कुलूप होतं. किल्ली क्लार्ककडे, आणि क्लार्क सासुरवाडीला. रंभाजीला मॅडमचं बोलणं आठवलं. त्यानं दोन्ही हातांनी काहीच नाही ते उचललं, आप्पासाहेबांच्या मागे नीट ठेवलं, खांद्यावरच्या फडक्यानं पुसलं.

"बसा आप्पासाहेब."

आप्पासाहेब मोठे गृहस्थ. वजनानंही मोठे. मागे वळून खुर्ची बघायची त्यांना सवय नव्हती. ते बसले.

आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला. मुलांना वाटलं तास संपला.

आप्पासाहेब जमिनीवर उताणे. रंभाजी वाकला आणि त्यानं दोन बोटांच्या चिमटीत काहीच नाही ते त्यांच्यापुढे धरलं. "घ्या. सांभाळून, गरम हाय."

वाळिंबे सरांनी त्याला दंडाला धरून मॅडमपुढे उभं केलं. "बाई, याला तुम्ही काय शिकवलंय?"

मॅडम चार मशिनींना पत्ते देत बसल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "रंभाजीभाऊ, मानायचं ते मशीनच्या आत. बाहेर खुर्ची म्हणजे खुर्चीच. आणि आतसुद्धा नुसतं मानून भागत नाही. इथे प्रत्येकीला स्वतःचा पत्ता लागतो. एका पत्त्यावर एकच. दोघींना एकच पत्ता दिला की झाली भांडणं. मग एकीचा निरोप दुसरीला पोचत नाही."

"एका पत्त्यावर दोघं ऱ्हायले की भांडान?"

"हमखास."

रंभाजीचे डोळे मोठे झाले. "आधी सांगायचं न्हवं का मॅडम! आता ध्यानात ठेवतो."

संध्याकाळी तो घरी गेला आणि अंथरूण गुंडाळायला लागला.

सुगंधा म्हणाली, "अवो, कुठं निघाला?"

"आपलं भांडान का होतं, ठावं हाय का तुला?"

"तुमी माझं मशीन वाकडं करून आणलं म्हणून."

"न्हाय. आपला दोघांचा पत्ता एकच हाय."

एवढं बोलून तो निघाला. मारुतीच्या देवळात गेला, तर तिथं मारुती राहत होता. एसटीच्या शेडमध्ये गेला, तर तिथं एक शेळी बसलेली. शेळीशी भांडण नको म्हणून तो आणखी पुढे गेला आणि ओढ्यापलीकडे, जिथं कुणाचाच पत्ता नव्हता, तिथं त्यानं अंथरूण टाकलं. डास खूप होते. पण भांडण नव्हतं.

सकाळी सुगंधा पदर खोचून कॉलेजात हजर. "मॅडम, तुमचे मालक कुठं ऱ्हातात?"

"माझ्याच घरी," मॅडम म्हणाल्या. "का हो?"

"मग माझ्याच मालकाला का घराबाहेर काढलं?"

मॅडमनी तिला पाणी दिलं, चहा दिला, नवीन सुया देईन म्हणाल्या. मग रंभाजीकडे वळल्या. त्याच्या तोंडावर डासांनी जागा सोडली नव्हती. "अहो, माणसं एका पत्त्यावर राहिली तर चालतं. भांडली तरी चालतं. घरी जा आणि जसं होतं तसं करा." मग त्यांना त्याची दयाही आली. "माझ्याकडून पण मशिनी बिघडतात हो. म्हणून मी काही करायच्या आधी स्नॅपशॉट घेऊन ठेवते."

"ते काय असतं?"

"फोटोच समजा. चांगलं चाललेलं असताना एक फोटो घ्यायचा. मग पुढे काही मोडलं तरी भीती नाही."

"मोडलं तरी भीती न्हाय?"

"अजिबात नाही."

"आधी सांगायचं न्हवं का!"

रंभाजीकडे मोबाइल होता. फोटो त्याला काढता येत होता. कमिटीला पाणी द्यायला वाळिंबे सरांनी काचेचे नवे पेले आणले होते. सर म्हणाले, "रंभाजी, जपून वर ने." रंभाजीनं पेल्यांचा एक छान फोटो काढला. मग सगळे पेले एकावर एक रचले, वर पाण्याचा जग ठेवला, आणि शीळ घालत जिना चढू लागला. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच काच नेताना भीती वाटत नव्हती.

जिना काचांनी चमकायला लागला. वाळिंबे सर धावत आले.

"पेले कुठायत?"

रंभाजीनं मोबाइल पुढे केला. "हे बघा साहेब. एकालाबी टवका न्हाय."

सरांनी मॅडमना हाक मारली. मॅडमनीच मग झाडू आणला आणि झाडता झाडता त्याला नीट समजावलं, "रंभाजीभाऊ, नुसता फोटो काढून काय उपयोग? फोटो बघून मागे जावं लागतं. फोटोत जे होतं ते परत जागेवर आणायचं. फोटोत जे नव्हतं ते काढून टाकायचं. एकूण एक. काही सोडायचं नाही. तेव्हा कुठे सगळं पहिल्यासारखं होतं."

रंभाजीनं मान डोलावली. "हे आधी—"

"आता सांगितलं ना!" मॅडम म्हणाल्या.

कमिटीचा दिवस उजाडला. रंभाजी सकाळी पाचलाच आला. प्रयोगशाळा झाडली, पुसली, खुर्च्या लावल्या. खऱ्या खुर्च्या. सगळं कसं छान दिसत होतं. त्यानं एक फोटो काढून ठेवला आणि निर्धास्त झाला.

दुपारी कमिटीची गाडी आली. तिघं साहेब. त्यांचे मुख्य बर्डे साहेब, मिशा पांढऱ्या आणि तोंड आंबट. वाळिंबे सरांनी त्यांना गंध लावलं, हार घातले, शाली पांघरल्या, नारळ दिले. चहा दिला. मग सर जेवणाचं बघायला खानावळीकडे गेले.

मॅडमनी काम दाखवायला घेतलं. "साहेब, या एका मशीनमध्ये चार मशिनी आहेत. पहिली हाक मारील, बाकीच्या ओ देतील."

पहिलीनं हाक मारली. दुसरीनं ओ दिली. तिसरीनं ओ दिली. चौथी गप्प.

"चौथी का बोलत नाही?" बर्डे साहेबांनी विचारलं.

मॅडमनी परत हाक मारायला लावली. चौथी गप्प. मॅडमच्या कपाळावर घाम आला. रंभाजी मागेच उभा होता. त्याला पंपाची खोली दिसायला लागली. त्यानं एक पाय वर घेतला.

मॅडम पडद्यावर वाकल्या आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "आता सगळं सकाळच्या स्नॅपशॉटवर न्यावं लागणार."

रंभाजीनं पाय खाली ठेवला. सांगितलं म्हणजे करायला हवं. त्यानं मोबाइल काढला. फोटोत खुर्च्या होत्या. टेबल होतं. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले होते. दारात, जिना चढून आलेली कुणाची तरी म्हैस उभी होती. कमिटी नव्हती.

तो बर्डे साहेबांच्या कानाशी वाकून म्हणाला, "साहेब, हार द्या."

"का?"

"तुमी अजून आला न्हाय."

त्यानं हार काढले. शाली काढून घड्या घातल्या. नारळ गोळा केले. ओलं फडकं आणून तिघांच्या कपाळावरचं गंध पुसलं. कपातला उरलेला चहा किटलीत ओतला. एक साहेब म्हणाले, "अहो, मी अर्धा प्यालोय!" रंभाजी क्षणभर विचारात पडला. मग म्हणाला, "तेवढा ऱ्हाऊ द्या."

बर्डे साहेबांनी शेकडो कॉलेजं तपासली होती. कुठं लोक रागावले होते, कुठं पाया पडले होते. पण तुम्ही आलाच नाहीत असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. आणि रंभाजीची चर्या इतकी प्रामाणिक, की तिघं मुकाट्यानं उठले. रंभाजीनं त्यांना जिन्यावरून उलटं उतरवलं. पाठ पुढे, तोंड मागे. चढताना तोंडं जिकडे होती तिकडेच.

गाडीपाशी त्यानं ड्रायव्हरला विचारलं, "आज सकाळी सहाला साहेब कुठं होते?"

"जिल्ह्याला. आपापल्या घरी."

"मग तितं नेऊन सोडा."

गाडी गेली. राहिली म्हैस. ती खालच्या माळावर चरत होती. कमिटी जेवढी लवकर गेली तेवढी म्हैस लवकर येईना. रंभाजीनं पुढून ओढलं, मागून ढकललं, शेवटी बर्डे साहेबांचा हार दाखवला. हार खात खात म्हैस जिना चढून दारापर्यंत आली. मग तो स्टुलावर चढला आणि घड्याळाचे काटे फिरवून सहावर आणले.

इतका वेळ मॅडमनी मान वर केली नव्हती. कामात बुडाल्या की त्यांना काही ऐकू यायचं नाही. तेवढ्यात त्या ओरडल्या, "बोलली! साहेब, चौथी बोलली!"

वळून बघतात तर दारात म्हैस.

त्याच वेळी वाळिंबे सर हसत हसत आले. "चला साहेब, पानं वाढलीत—" आणि म्हशीला धडकून थांबले. "रंभाजी, कमिटी कुठाय?"

"यायची हाय साहेब."

"आणि ही म्हैस?"

"ती आली."

सर भिंतीला टेकले. तोच त्यांचा फोन वाजला. बर्डे साहेब बोलत होते. सर नुसतं "हो साहेब, नाही साहेब, हो साहेब" म्हणत राहिले. मॅडमनी पदराचं टोक मुठीत धरलं. रंभाजीनं दोन्ही पाय वर घेता येतात का ते बघितलं.

फोन ठेवून सर म्हणाले, "सोमवारी परत येतायत. म्हणाले, आज आम्ही आलो होतो असं कुणाला सांगायला आम्हालाच लाज वाटेल. तेव्हा आलोच नव्हतो असं धरा."

मॅडमनी मुठीतलं पदराचं टोक सोडलं. सोमवारी चौथी नक्की बोलणार होती. सर धपकन खुर्चीत बसले आणि रुमालानं तोंड पुसू लागले.

रंभाजीनं मोबाइल परत एकदा बघितला. मग सरांकडे बघितलं. फोटोतली ती खुर्ची रिकामी होती.

"साहेब, उठा."

"आता काय राहिलं रे?"

"तुमी फोटोत न्हाय. सहाला तुमी घरी झोपल्यालं असता," रंभाजी म्हणाला आणि खाली बसून सरांचे बूट काढायला लागला.