हारिद्रव मुनींचे नक्षत्रव्रत आणि हिरड्यावरचा खद्योत

पूर्वी कृतयुगात, सह्याद्रीच्या माथ्यावर हिरड्या-बेहड्यांच्या निबिड अरण्यात, हारिद्रव नावाचे महातपस्वी मुनी राहत असत. आकाश हेच त्यांचे घर म्हटले तरी चालेल. ग्रीष्मातल्या झळा निवल्या की अंगणात दर्भाची चटई अंथरून ते उताणे पडत. चित्रा कुठवर आली, स्वातीचा रंग कसा आहे, ज्येष्ठेला तांबूस झाक किती, हे सारे बिनचूक सांगत. आपल्याच परसात कोण राहते हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते, हेही सांगितलेच पाहिजे. तिकडे त्यांची पत्नी शाल्मली पाहत असे. खारी, सातभाई, सरडे यांच्यासाठी ती रोज दगडी डोणीत पाणी भरी आणि उरलेले हिरड्याच्या बुंध्याशी पाचोळ्यावर ओती.

एका चैत्रात मुनींनी नक्षत्रव्रत धरले. पाऊस पडेपर्यंत रोज सायंकाळी अरुंधतीचे दर्शन घ्यावे, मगच अन्न घ्यावे, आणि हा नियम पतिपत्नी दोघांनी पाळावा, असे ते व्रत. ते निर्विघ्न पार पडले तर देह सुटल्यावर तारा होऊन सप्तर्षींच्या पंक्तीला बसण्याचा वर ब्रह्मदेवाने दिला होता. शाल्मलीनेही होकार दिला. आकाश घासलेल्या ताटासारखे लख्ख, मग त्यात अवघड ते काय? वैशाखाच्या अखेरीस ती बाळंत झाली, कन्या झाली; तरी व्रत चालूच राहिले.

हे इंद्राला कसे रुचावे? आज पंक्तीला बसणारा उद्या आपले आसन मागेल, असे त्याच्या मनाने घेतले. कोणी तप करू लागले की या देवेंद्राच्या पोटात गोळा उठायचाच, ही त्याची जुनी खोड. बरे, अप्सरा पाठवावी, तर मुनी आकाशावरची नजर काढून तिच्याकडे बघतील तेव्हा ना! म्हणून ज्येष्ठ लागताच त्याने मेघांना आज्ञा केली, की आश्रमावर जाऊन ठाण मांडा. गर्जू नका, बरसू नका, हलू नका.

मेघ आले. वारा पडला, उकाड्याने जीव कासावीस झाला, मुंग्या अंडी तोंडात धरून भिंत चढू लागल्या. पण पावसाचा थेंब नाही. सायंकाळी अरुंधती दिसली नाही, दोघे उपाशी निजली. मग रोज तेच. मुनींचे शरीर तपाने वाळलेले, त्यांना उपवासाचे काही वाटेना. पण शाल्मली ओली बाळंतीण. तिचे दूध आटले. मूल आधी रडले, मग कण्हू लागले, आणि कण्हणेही थांबले तेव्हा ती मुनींकडे धावली. तिने मुनींना सांगितले, तर ते वर बघतच म्हणाले की आजचा दिवस धीर धर, उत्तरेला फट पडेलसे दिसते. काय म्हणावे या माणसाला!

शाल्मली परसात डोणीपाशी बसून रडली. तिने ओतलेल्या पाण्यावर त्या पाचोळ्यात एक काळा किडा वाढला होता. त्याने ते ऐकले. तो सरपटत अग्निशाळेत गेला आणि हात जोडून म्हणाला, "हे हुताशना, मला तुझी एक ठिणगी दे. माउलीला तारा हवा आहे."

अग्नी म्हणाला, "माझे तेज पोटात धरशील, तर त्या पोटात अन्न ठरणार नाही. पंख फुटल्यापासून मरेपर्यंत उपाशी राहशील."

"चालेल," किडा म्हणाला. "त्या लेकराच्या वाटचे मी उपाशी राहतो."

किड्याला पंख फुटले, आणि तिन्हीसांजेला हिरड्याच्या शेंड्यावर हिरवट तेज लुकलुकू लागले. शाल्मलीने ते पाहिले, मुलीला मांडीवर घेतले आणि भात वाढून ती पानावर बसली. मुनी धावत आले. नक्षत्रांशी जन्माची ओळख त्यांची. त्यांनी एका दृष्टिक्षेपात ओळखले की हा तारा नव्हे, कीटक आहे. संतापाने त्यांनी कमंडलूतले जल शापासाठी ओंजळीत घेतले.

शाल्मली म्हणाली, "नाथ, तो किडा आहे हे मलाही दिसते. मी फसलेली नाही. मी भुकेली आहे, आणि ही मुलगी मरते आहे. शाप द्यायचा तर मला द्या. पण आधी मला जेवू द्या."

तेव्हा मुनींनी मान खाली केली. जन्मल्यापासून त्यांनी त्या मुलीला धड पाहिलेच नव्हते. तिची टाळू खोल गेली होती, ओठ कोरडे पडले होते. त्यांच्या ओंजळीतले जल गळून गेले. व्रत मोडले की आकाशातली जागा गेली, हे त्यांच्याइतके कोण जाणणार? ते खाली बसले, भात कालवला, पहिला घास स्वहस्ते शाल्मलीला भरवला आणि दुसरा स्वतःच्या मुखात घातला. पहाटेच्या आत तिला पान्हा फुटला, आणि मुलगी प्यायली. इंद्राचे काम झाले होते. त्याने मेघ मोकळे केले.

मुनींनी किड्याला वर दिला की ग्रीष्म सरताना तुझे कुळ या अरण्यातली झाडेच्या झाडे उजळील. अग्नीचे बोल काही ते फिरवू शकले नाहीत. खद्योत, म्हणजे आपले काजवे, आजही उपाशीपोटीच चमकतात. हारिद्रवांचा तारा आकाशात नाही, कितीही शोधा. आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला तेव्हापासून हे व्रत नाही. तारा दिसो वा न दिसो, घरात आधी ती जेवते.