लुबनाची पाणपोई

कुणी पळवलं तिचं पाणी? ज्यांना महालापुढे थुईथुई नाचणारं कारंजं हवं होतं, त्यांनीच! जमिनीखालच्या पाटाचं तोंड त्यांनी शहराकडे वळवलं, आणि लुबनाची इवलीशी खजुराची बाग वाळून करडी झाली.

बागेपुढून मोठा रस्ता जायचा. उंटांच्या पाठीवरून समरकंदचा कागद, हिंदुस्थानचे मिरे, चीनचं निळंसोनेरी रेशीम आणि बगदादच्या जाडजाड पोथ्या जायच्या. खलिफाच्या फौजाही इथूनच जायच्या. तहान सगळ्यांनाच लागायची. म्हणून लुबनाच्या अब्बांनी तिथे सबील मांडली होती. सबील म्हणजे फुकटची पाणपोई. तिचा नियम एकच: पिणाऱ्याला नाव विचारायचं नाही.

एके दिवशी फौजेने अब्बांनाच लढायला नेलं. वर्ष उलटलं, तरी बातमी नाही.

आता सुरईत पेलाभरच पाणी उरलं होतं. धुळीने माखलेली एक म्हातारी आली. "पाणी दे गं, बाळ."

लुबनाचे स्वतःचे ओठ तडकले होते. तरी तिने पेला भरून दिला.

शेवटचा थेंब संपला आणि काय नवल! म्हातारीच्या फाटक्या चादरीतून डाळिंबाच्या दाण्यांसारखा लाल उजेड झिरपू लागला. समोर चिमुकली परी उभी! दवाचे तिचे पंख लुकलुकत होते.

"माग, सोनुले."

"अब्बा हवेत."

परीने मान खाली घातली. "माणूस आणणं माझ्या हाती नाही गं."

"मग पाणी दे. सगळ्यांना पुरेल एवढं."

"दिलं. सुरई कधी रिती होणार नाही. पण अब्बांचा नियम तोच माझा. ज्या दिवशी कुणाला 'कोण तू, कुठला तू' विचारशील, त्या दिवशी ती कोरडी पडेल."

मग एका रणरणत्या दुपारी लंगडत एक शिपाई आला. त्याच्या कमरेला अब्बांचा पट्टा! लाल लोकरीचा, लुबनानेच विणलेला. त्यावरचं एक फूल वाकडं होतं, तेही तसंच.

'कोण तू?' शब्द अगदी ओठांवर आले. पण रांगेत तान्ही बाळं घेतलेल्या बाया उभ्या होत्या. लुबनाने ओठ गच्च मिटले आणि पेला भरला.

शिपाई घटाघटा प्यायला. त्याला कुणीच नाव विचारलं नाही. मग त्याने पट्टा सोडला.

"म्हणजे हीच ती जागा! हा ज्याचा, त्याच्याशीच मी लढत होतो, बेटी. मरताना त्याने आपलं पाणी मला पाजलं. म्हणाला, मोठ्या रस्त्यावर जिथे नाव न विचारता पाणी मिळेल, तिथे माझी लेक असेल, तिला हा दे. तू नाव विचारलं असतंस, तर मी पुढे निघून गेलो असतो."

लुबना पट्टा उराशी धरून हमसून हमसून रडली. तिचं एक टपोरं आसू मातीत पडलं आणि तिथेच परीचा पंख चमकला. कोरड्या पाटात झुळझुळ पाणी आलं. करड्या खजुराला पोपटी कोंब फुटला. परी लखलखली, उजेडात उजेड होऊन विरून गेली.

अब्बा मात्र आले नाहीत.

लुबनाने डोळे पुसले आणि पुढचा पेला भरला. तो रिकामा करून म्हातारा उंटवाला म्हणाला, "वा, काय गोड पाणी! नाव काय गं तुझं, पोरी? ...नको, राहू दे. इथे विचारत नाहीत ना."