दमाजीची दुलई

यंत्रांनाही रुसवेफुगवे परवडत होते, त्या काळातली ही गोष्ट. बाटल्यांच्या एका कारखान्यात दमाजी नावाचा हवेचा पंप होता. तापलेल्या काचेत फुंकर भरायची, एवढंच त्याचं काम. पण गर्जना अशी, की जणू भट्टीही हाच पेटवतो!

तिथेच ठकी नावाची चिमुकली लाकडी हातोडी होती. ती प्रत्येक बाटलीवर टिचकी मारी. धड बाटली ‘टणन्’ म्हणे, चिरलेली ‘बद्द’. पण दमाजीच्या गोंगाटात बिचारीला ऐकूच येईना. सरबताच्या पेट्या गळत परत आल्या, तेव्हा मालक कडाडले, "आणखी एक बाटली गळकी निघाली, तर ही हातोडी भट्टीत!"

ठकी धावली दमाजीकडे. "काका, जरा हळू घ्या की."

"वेडी की काय! आवाज गेल्यावर मला विचारतो कोण?"

मग ठकीने काचेच्या तंतूंच्या, आवाज गिळणाऱ्या लोकरीला बोलावून आणलं.

"काचेची लोकर?" दमाजी खेकसला. "मग काचेची मेंढरं कुठे चरतात गं?"

तो खिदळत असतानाच लोकरीने त्याला दुलईसारखं गच्च लपेटलं. कारखाना एकदम शांत! ठकी टिचक्या मारत सुटली. टणन्, टणन्, बद्द! चिरलेली बाटली लगेच बाजूला. त्या आनंदात तिने दुलईच्या फटीतून दमाजीच्या लोखंडी पोटावरही एक टिचकी मारली.

बद्द.

"अगंबाई! काका, तुम्हालाच चीर गेलीय!"

आयुष्यात पहिल्यांदाच दमाजी कुजबुजला, "हळू बोल गं पोरी, बाटल्या ऐकतील."