मोजणीतून निसटलेल्या

“मग शत्रूच म्हणायच्या ना, बाई?”

यशोधन पिंगळेने अहवालाचा कागद टेबलावरून पुढे सरकवला.

डॉ. कमलिनी दाणी यांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. कर्करोगाच्या पेशी तपासण्यात त्यांची हयात गेली होती. रुग्णालयातले सगळे डॉक्टर त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत. यशोधन त्यांचाच विद्यार्थी. परदेशातून मोठी पदवी घेऊन नुकताच परतला होता, आणि ती पदवी अजून त्याच्या आवाजातून उतरली नव्हती.

“कुणाबद्दल बोलतो आहेस?”

“मास्ट पेशी. म्हणायला शरीराच्या पहारेकरी, पण सरूताई भोइट्यांच्या गाठीत मध्यभागी खचाखच भरल्या आहेत. गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्या यांच्याच कृपेने. गाठ माजली तिथे या हजर. कडेला मात्र एकही नाही.”

“एकही नाही?”

“मी स्वतः जांभळा रंग घालून मोजल्या आहेत.”

“मग प्रश्नच मिटला.”

यशोधनला बाईंचा हा सूर ओळखीचा होता. तो सावरून बसला.

सरूताई जठराच्या कर्करोगाने खंगल्या होत्या. प्रतिकारशक्ती जागवणारे पहिले इंजेक्शन त्यांना सोमवारी द्यायचे होते. त्याच्या जोडीला मास्ट पेशींना गप्प बसवणारे औषधही द्यावे, असा यशोधनचा आग्रह होता. निर्णय आज दुपारच्या सभेत व्हायचा होता. बाईंची सही नसेल, तर ते औषध मिळणार नव्हते.

“आणि समजा, भलत्यांनाच गप्प बसवलंस?”

“तर... इंजेक्शनचं बळ कमी पडेल. सरूताईंना दुसरी संधी नाही, बाई. पण माझी चूक नाहीच.”

बाईंनी चष्मा काढून ठेवला.

“बाही वर कर.”

“अं?”

“बाही, पिंगळे. पदवीला धक्का लागणार नाही.”

त्याने बाही सारली. बाईंनी पेनाच्या टोपणाने त्याच्या हातावर एक रेघ ओढली, चांगली जोर लावून.

“अजून पित्त उठतं ना अंगावर? शिकत होतास तेव्हा खिशात आमसुलं घेऊन फिरायचास.”

“उठतं.”

“मग थांब जरा.”

दोघेही थांबले. रेघ आधी लाल झाली... मग हळूहळू वर आली, दोरीसारखी फुगली. यशोधनची नखे आपसूक तिकडे वळली.

“खाजवू नकोस. हे कुणी केलं?”

“तुम्ही.”

“मी ओढली. फुगवली कुणी?”

“मास्ट पेशींनी,” तो तोंडी परीक्षेतल्यासारखा घडाघडा बोलू लागला. “आतले कण त्यांनी बाहेर टाकले. त्याने रक्तवाहिन्या सैल झाल्या, पाणी झिरपलं, इतर पेशींना सांगावा गेला...”

“उत्तम. आता या रेघेचाच तुकडा कापला आणि तुझा तो जांभळा रंग घातला, तर काय दिसेल?”

“रंग चढतो तो कणांवर. आणि कण तर...”

तो थबकला.

“बोल.”

“कण सांडून गेले.”

“मग अहवालात काय लिहिशील?”

यशोधनची नजर टेबलावरच्या कागदावर गेली. ‘कडेला मास्ट पेशी नाहीत.’ अक्षर त्याचेच होते. खाली रेघही त्यानेच मारली होती, ठळक.

कड म्हणजे गाठ आणि शरीर समोरासमोर भिडतात ती जागा. तिथे ज्यांनी होते नव्हते ते सांडले, त्या त्याच्या मोजणीत आल्याच नव्हत्या. भरल्या पोटी बसून राहिलेल्या तेवढ्या त्याने मोजल्या, आणि त्यांच्यावरून साऱ्या जातीला शत्रू ठरवले.

“म्हणजे कडेच्या पेशी सरूताईंच्या बाजूने लढल्या?”

“असं मी म्हटलं?”

“मग गाठीच्या बाजूने?”

बाईंनी चष्मा पुसायला घेतला.

यशोधनने हातावरच्या फुगलेल्या रेघेकडे पाहिले. मग त्याने पेन उचलले, कागदावरचे वाक्य खोडले आणि उठून उभा राहिला.

“पेशीच्या आवरणावर चढतो तो दुसरा रंग घालतो. त्यात रिकाम्याही दिसतील. त्यांच्या शेजारी कोण उभं आहे, तेही पाहतो; बाजू त्यावरून कळेल. कडेचे सगळे तुकडे पुन्हा पहिल्यापासून. उद्यापर्यंत होईल. सोमवारच्या आत नक्की.”

“सभा आज आहे.”

“आज सांगतो, मला अजून माहीत नाही.”

हे वाक्य उच्चारताना त्याचे कान तापले. आठवडाभर त्याने साऱ्या विभागाला छातीठोकपणे उलटेच ऐकवले होते. तरीही त्याने बाही खाली केली, तुकड्यांची पेटी काखेत मारली आणि दाराशी गेला. तिथे क्षणभर पाय रेंगाळले.

“बाई... सगळे हसतील.”

बाईंचा डोळा पुन्हा सूक्ष्मदर्शकाला लागला होता.

“हसू देत. तोवर रंग चढेल.”