कवडीचं पाचवं पिल्लू

त्या राज्यात कुत्र्याचं पिल्लू आठ आठवडे आईचं असे, आणि मग नदीपलीकडच्या एखाद्या घराचं होई. आईच्या दुधाची राखणही साधारण तेवढेच दिवस पुरे. म्हणून नावेतल्या टोपलीत बसवण्याआधी प्रत्येक पिल्लाला साळूकडे नेत.

साळू म्हणजे म्हातारी साळिंदर, तोंडाने फटकळ पण हाताने हलकी. टोचायला ती आपल्या अंगावरचा सगळ्यांत बारीक काटा उपसून घेई. पहिल्या टोचणीत ती पिल्लाच्या अंगात झोपलेला ताप सोडी, म्हणजे पुढे जागा ताप आला की अंग त्याला ओळखून हाकलून देई. दुसऱ्या टोचणीत मानेच्या कातडीखाली तांदळाएवढा दाणा सरकवी. पिल्लू हरवलं तर कोणत्याही साळूने मानेला कान लावावा, दाणा घराचा पत्ता सांगे. रीत एकच होती. टोचताना पिल्लाचं मानगूट त्याच्या आईनेच तोंडात धरायचं.

कवडी नावाच्या कुत्रीला ही रीत मुळीच पटत नसे. तिला स्वतःच्या आईचं दूध आठवत नव्हतं, वास आठवत नव्हता. आठवत होती ती फक्त मानेवरची पकड आणि टोचणी. पहिल्या चार पिल्लांना तिने डोळे मिटून धरलं. पाचवा लोंबू, एका कानाने लोंबता आणि सगळ्यांत लाडका. याने तरी आपली आठवण गोड न्यावी, असं तिने ठरवलं आणि साळू आली तेव्हा त्याला गवताच्या गंजीत दडवलं. विचारणाऱ्यांना म्हणाली, "झालं त्याचं." आईला कोण दुसऱ्यांदा विचारणार?

निघायच्या सकाळी ती लोंबूला घेऊन घाटावर आली. तिथे एक हरवलेला मोठा कुत्रा सापडला होता. साळू त्याच्या मानेला कान लावून बसली होती. बराच वेळ बसली, मग उठली. आत दाणाच नव्हता.

"कुणाचा रे बाळा तू?" तिने विचारलं.

कुत्रा नावेतून उतरणाऱ्या पायांकडे धावला. पाय हुंगून आनंदाने उडी मारली. ते पाय पुढे गेले, तसा तो पुढच्या पायांकडे वळला, तितक्याच आनंदाने. कवडीने लोंबूला साळूपुढे ढकललं.

"साळूआजी, माझ्या लोंबूचं राहिलंय," ती म्हणाली. "मीच दडवलं होतं त्याला. पण धरायला दुसऱ्या कुणाला सांगा ना."

"अगं बाई, दुसऱ्या कुणी धरलं तर तो हिसडे देईल, काटा आत मोडेल. तू धरलंस तरच तो स्थिर राहतो. माझ्या हाताचं कौतुक उगाच करतात सगळे."

कवडीने धरलं. लोंबू एकदा केकाटला, दुसऱ्यांदा त्याहून जोरात केकाटला. तिचे दात कुठेही रुतले नाहीत आणि सुटलेही नाहीत.

"झालं," साळू म्हणाली.

कवडीने तोंड उघडलं आणि मान फिरवून घेतली. आता हा आपल्याकडे बघायचासुद्धा नाही, हे तिने गृहीतच धरलं होतं. नावाडी टोपली घेऊन उभा होता.

लोंबू तिच्या तोंडातून सुटला तो पळतच सुटला. लपायला जागा शोधत घाटावर भेलकांडत एक फेरी मारली. मग थेट कवडीच्या हनुवटीखाली घुसला, त्याच दातांखाली, आणि डोळे मिटून तिथेच थरथरत राहिला.