ज्ञानकोशाचा जावई

डोंगरपिंपळी गावात मुरारी नावाचा एक भोळा तरुण राहत होता. तो इतका भोळा होता, की एसटीत कंडक्टर "पुढे सरका, पुढे सरका" म्हणाला, की तो सरकत सरकत पुढच्या दाराने खाली उतरायचा. मग गाडी निघून जायची. मुरारी रस्त्यावर उभा राहून म्हणायचा, "सांगितलं तसं केलं. आता त्यांचं ते बघतील."

त्याची पिठाची गिरणी होती. गिरणी चांगली चालायची, कारण तिथलं अवघड काम गिरणीच करायची. मुरारी फक्त डबे उचलायचा. घरात तो आणि त्याला लहानाचा मोठा करणारी सगुणाआत्या. आत्याला एकच काळजी होती. याचं लग्न कसं होणार?

शेजारच्या बोरखेडीत पाटणे गुरुजी होते. शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या घरी काचेच्या कपाटात जाडजूड कोश ओळीने उभे होते. पूर्वी लोक लांबून ते बघायला यायचे. आता सगळं फोनवर मिळतं, म्हणून कोणी येत नसे. पण गुरुजी रुसून बसले नाहीत. त्यांनीही फोन घेतला आणि इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात नोंदी लिहायला लागले. या ज्ञानकोशात कोणीही नोंद लिहू शकतो आणि कोणीही दुसऱ्याची नोंद दुरुस्त करू शकतो. गुरुजी दिवसभर दुसऱ्यांच्या नोंदी दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी समाधानाने जेवायचे.

गुरुजींना कालिंदी नावाची मुलगी होती. मुरारीने तिला बोरखेडीच्या बाजारात पाहिलं होतं. ती वांगी निवडत होती आणि भाजीवाल्याशी भांडत होती. तेव्हापासून मुरारीला वांगी आवडायला लागली.

आत्या स्थळ घेऊन गेली. गुरुजी म्हणाले, "गिरणी आहे, घर आहे, ठीक आहे. पण माझी एक अट आहे. माझ्या जावयाने ज्ञानकोशात निदान एक तरी नोंद लिहिलेली असली पाहिजे."

"कसली नोंद?" आत्याने विचारलं.

"त्याच्या गावाची लिहू दे. डोंगरपिंपळीची नोंद अजून कोणी लिहिलेली नाही. ती टिकली, तर लग्न. नाही टिकली, तर नाही."

मुरारी गिरणीत बसला. पिठाच्या बोटांनी त्याने फोनवर नोंद लिहिली. "डोंगरपिंपळी हे जगातलं सर्वांत छान गाव आहे. बोरखेडीपेक्षा तर फारच छान आहे."

थोड्याच वेळात गुरुजींचा फोन आला.

"अरे, हे काय लिहिलंस? ज्ञानकोशात आपलं मत द्यायचं नसतं!"

"मग काय द्यायचं?"

"दोन्ही बाजू द्यायच्या. काही जणांच्या मते असं आहे, काही जणांच्या मते तसं आहे. आपण कोणाच्या बाजूने बोलायचं नाही. कळलं?"

"कळलं गुरुजी. आता कधीच कोणाच्या बाजूने बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी शेजारी बबनशेठच्या नातवाचं बारसं होतं. पाळणा सजवला होता. बायका पाळण्याभोवती जमून गाणं म्हणत होत्या. आजी कौतुकाने म्हणाली, "बघ रे मुरारी, बाळ अगदी बापावर गेलंय ना?"

मुरारीने पाळण्यात वाकून बघितलं. मग सरळ उभा राहून म्हणाला, "काही जणांच्या मते बापावर गेलंय. काही जणांच्या मते तसं नाही."

गाणं थांबलं. घुगऱ्यांची वाटी कोणाच्या तरी हातातून पडली.

"काही जण म्हणजे कोण रे?" बाळाच्या बापाने बाह्या वर करत विचारलं.

"ते नाही माहीत. पण दुसरी बाजू पण द्यायला पाहिजे ना."

बाळाच्या बापाने त्याला पाळण्याभोवती पळवलं. मग अंगणात पळवलं. मग गिरणीपर्यंत पळवलं. आत्या मागून ओरडत होती, "अहो सोडा हो त्याला, त्याचं लग्न व्हायचंय!"

ही बातमी बोरखेडीला पोचली. गुरुजी कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे मुरारी, नुसतं 'काही जण' म्हणून भागतं का? कोण म्हणालं, कुठे म्हणालं, त्याला आधार लागतो! आधाराशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. आणि दुसरा कोणी काही सांगायला लागला, की आधी त्याला विचारायचं, आधार काय?"

"चुकलं गुरुजी. आता सगळ्यांना आधार विचारीन."

आत्याने ठरवलं, की गुरुजींना घरी जेवायला बोलवावं आणि त्यांचा राग घालवावा. पुरणपोळीचा बेत ठरला. आत्या गव्हाचा डबा घेऊन गिरणीत आली आणि दारातच शिंकली.

"मुरारी, तू आत्ता मिरची दळलीस का? मग माझे गहू लगेच टाकू नकोस. आधी थोडं भरडधान्य टाकून गिरणी साफ कर."

"मिरची दळली, याला आधार काय?"

"आधार? अरे, मला शिंका येतायत!"

"शिंक हा आधार नाही आत्या. छापील काही आहे का?"

"तू स्वतः दळलीस ना रे सकाळी? आठवत नाही?"

"आठवतं. पण आठवण हा पण आधार नाही."

असं म्हणून त्याने गहू गिरणीत टाकले. पीठ जरा गुलाबी आलं. आत्याची नजर अधू होती. तिला वाटलं, गहूच तसे असतील.

गुरुजी जेवायला आले. कालिंदीही आली होती. गुरुजींनी पुरणपोळीवर तूप ओतलं, मोठा घास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. आत्या खूश झाली. तिला वाटलं, गुरुजींना आपल्या आईची आठवण झाली. पण मग गुरुजींच्या नाकातूनही पाणी आलं. मग ते उठून उभे राहिले आणि तोंडाने वारा घ्यायला लागले.

"तिखट! तिखट आहे! पाणी!"

मुरारी शांतपणे म्हणाला, "आधार काय, गुरुजी?"

गुरुजींनी पाण्याचा तांब्या उचलून तोंडाला लावला. तांब्या रिकामा करूनच खाली ठेवला. कालिंदी मात्र पदर तोंडाला लावून हसत होती. तिचेही डोळे वाहत होते, कारण तिनेही एक घास खाल्ला होता.

"मूर्खा," गुरुजी शेवटी म्हणाले, "प्रत्येक गोष्टीला छापील आधार मागायचा नसतो! स्वतः जाऊन बघायचं! आणि एका ठिकाणी बघून तर मुळीच थांबायचं नाही. दोनतीन ठिकाणी बघायचं, ताडून पाहायचं आणि मगच पक्कं करायचं. ज्ञानकोशाचा हा पहिला नियम आहे."

"पहिला नियम शेवटी का सांगितलात गुरुजी?" मुरारीने विचारलं.

गुरुजी न जेवता घरी गेले. पण जाताना कालिंदी त्यांना काहीतरी म्हणाली असावी. कारण आठवड्याभरात निरोप आला, की मुलगी बघायला या.

आत्याने मुरारीला नवा सदरा घातला आणि बजावलं, "तिथे काही बोलू नकोस. फक्त विचारलं तर उत्तर दे."

बोरखेडीत चहा झाला. पोहे झाले. कालिंदी समोर येऊन बसली. मुरारीने तिच्याकडे बघितलं आणि त्याला इतकं बरं वाटलं, की त्याने पोह्यातलं कढीपत्त्याचं पानही चावून खाल्लं. गुरुजींनी घसा खाकरला.

"मग मुरारीराव, मुलगी पसंत आहे का?"

मुरारीच्या मनात होतं, आहे. खूप आहे. पण त्याला नियम आठवला.

"गुरुजी, एका ठिकाणी बघून कसं सांगू? अजून दोनतीन ठिकाणी बघतो, ताडून पाहतो आणि मग पक्कं करतो."

आत्याने डोळे मिटून घेतले. गुरुजी खुर्चीतून उठले. "चालते व्हा! दोघेही चालते व्हा!"

"बाबा, बसा," कालिंदी म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत ना त्याला?"

"मी नोंदीबद्दल शिकवलं होतं!"

"ते तुम्ही त्याला सांगितलं होतं का?"

गुरुजी खाली बसले. ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

कालिंदी मुरारीला म्हणाली, "काय हो, तुम्ही कधी खोटं बोलता का?"

"कसं बोलतात ते?"

"मला चालेल, बाबा," कालिंदी म्हणाली. "आपल्या नात्यात न समजता डोकं हलवणारे पुष्कळ आहेत. हा निदान सांगितलेलं करतो तरी. मी नीट सांगत जाईन."

गुरुजींनी मोठा सुस्कारा सोडला. पण अट ती अट. नोंद अजून राहिली होती. मुरारीने महिनाभर खपून ती लिहिली. गाव कुठे आहे, नदी कोणती, शाळा कितवीपर्यंत आहे, सगळं ताडून पाहिलं. गुरुजींनी नोंद वाचली आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. मग ते शेवटच्या ओळीवर आले. तिथे लिहिलं होतं, "या गावात मुरारी नावाचा तरुण असून तो लवकरच कालिंदीशी लग्न करणार आहे."

"ही ओळ कोणी लिहिली?"

"मीच. बातमी खरी आहे ना?"

"खरी असली म्हणून काय झालं! स्वतःबद्दल स्वतः लिहायचं नसतं. ज्या गोष्टीत आपलं हित आहे, त्या गोष्टीत आपण हात घालायचा नाही. ज्याचा काही संबंध नाही, अशा तिऱ्हाईताकडून ते करून घ्यायचं. हे एवढं लक्षात ठेव. बाकी सगळं विसरलास तरी चालेल."

मुरारीने ताबडतोब बाकी सगळं विसरून टाकलं आणि एवढंच लक्षात ठेवलं.

ती ओळ काढली. नोंद टिकली. लग्नाची तारीख निघाली. गुरुजींनी आत्याला बाजूला घेऊन सांगितलं, "मांडवात आता काही गोंधळ झाला, तर मात्र मी ऐकणार नाही. सांगून ठेवतो."

"आता काय गोंधळ होणार गुरुजी?" आत्या म्हणाली. "हार घालायचा आणि जेवायचं."

लग्नाचा दिवस आला. बोरखेडीच्या मंगल कार्यालयात गर्दी झाली. मुरारी फेटा आणि मुंडावळ्या बांधून पाटावर उभा राहिला. मध्ये अंतरपाट धरला. पलीकडे कालिंदी मान खाली घालून उभी होती. भटजींनी मुरारीच्या हातात हार दिला.

"हा कोणी घालायचा?" मुरारीने विचारलं.

"तुम्हीच की."

"लग्न कोणाचं आहे?"

"अहो, तुमचंच आहे!" भटजी म्हणाले आणि मंगलाष्टकं सुरू झाली.

मुरारीला घाम फुटला. लग्न त्याचं होतं. म्हणजे यात त्याचं हित होतं. हित तर फारच होतं. इतकं हित त्याच्या आयुष्यात दुसऱ्या कशात नव्हतं. आणि हात घालायचा नाही, असं गुरुजींनी एवढं बजावून सांगितलं होतं.

कालिंदीच्या मावशीने स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हणायला घेतलं. त्यात दोन्हीकडच्या सगळ्या नातेवाइकांची नावं होती. मावशी डोळे मिटून गात होती आणि नातेवाईक आपापलं नाव येण्याची वाट बघत होते. मुरारी हळूच पाटावरून उतरला.

त्याने आधी भटजींचा विचार केला. पण त्यांना दक्षिणा मिळणार होती. फोटोवाल्याला पैसे मिळणार होते. पाहुण्यांचं तर सगळ्यांचंच नातं होतं. तेवढ्यात त्याला शेवटच्या रांगेत एक माणूस दिसला. तो मांडीवर आहेराचं पाकीट घेऊन बावरून इकडेतिकडे बघत होता.

"तुम्ही मुलीकडचे का?"

"नाही."

"मग मुलाकडचे?"

"नाही हो. मी अंकुश. मला पलीकडच्या कार्यालयात जायचं होतं. चुकून इथे आलो. आता मध्येच कसं उठायचं, म्हणून बसलोय."

"या लग्नाशी तुमचा काहीच संबंध नाही?"

"देवाशप्पथ नाही."

"तुमचं स्वतःचं लग्न झालंय?"

"नाही."

मुरारीला आनंदाने गहिवरून आलं. त्याने आपला फेटा आणि मुंडावळ्या अंकुशच्या डोक्यावर चढवल्या, हातात हार दिला आणि त्याला ओढत पाटावर नेऊन उभं केलं.

"मी काय करू?" अंकुशने घाबरून विचारलं.

"काही नाही. कापड बाजूला झालं, की समोर घालायचा. मग जेवण आहे."

भटजींना दुसऱ्या मुहूर्ताला जायचं होतं, म्हणून ते घड्याळ बघत होते. पाहुण्यांनी फोन वर धरले होते. जो तो आपल्या फोनमधून बघत होता, आणि फोनमध्ये एक फेटा दिसत होता. "सावधान" झालं. ताशा कडाडला. अंतरपाट बाजूला झाला. कालिंदीने मान वर न करता हार घातला. अंकुशने तिला हार घातला. अक्षतांचा पाऊस पडला. सगळ्यांत जास्त अक्षता मुरारीने टाकल्या.

मग कालिंदीने वर बघितलं.

"तुम्ही कोण?"

"मी पलीकडच्या लग्नाला आलो होतो," अंकुश म्हणाला आणि आहेराचं पाकीट तिच्या हातात दिलं.

ताशा थांबला. आत्या मटकन खाली बसली. गुरुजी गर्दीतून वाट काढत मुरारीपाशी आले. 

"अरे... अरे, हे काय केलंस तू?"

मुरारीने अभिमानाने खिशातून फोन काढला.

"गुरुजी, आता मी या लग्नाची नोंद बिनधास्त लिहू शकतो. माझा या लग्नाशी काही संबंधच राहिला नाही!"