फोटोची कड

“पण साल कोणतं, बाबा? तेवढं सांगा, मी उठतो.”

उठतो म्हणणारा जनार्दन खेर्डे मघापासून नुसता उठत होता आणि बसत होता. तापीकाठच्या टेकडीवर चांदशा फकीर आपला गोधडीला टाके घालत बसलेला. त्याला कसली घाई नव्हती.

जनार्दनाचा जन्म गेला जुन्या वस्तूंची सालं ठरवण्यात. संग्रहालयात नाणं येवो, तलवार येवो, ती याच्या हाती जायची. हा भिंगातून बघायचा आणि साल सांगून मोकळा व्हायचा. चुकत नसे, म्हणून जरा ताठाही होता. आणि आता घरच्याच एका फोटोनं त्याची झोप उडवली होती.

फोटोत आजोबा, आईवडील, थोरला भाऊ वसंता. जनार्दन नव्हता.

“माझ्या जन्माआधीचा असला तर प्रश्नच मिटला,” तो म्हणाला. “नंतरचा असला, तर मला तेव्हाच घरातून वजा केलं होतं. मावशीला मूल नाही म्हणून पुढं मला तिच्या ओटीत घातलं, ते कारण नुसतं बोलायचं.”

“ठरलं म्हणजे काय करणार, भाऊ?”

“अक्का अंथरुणाला खिळलीय. थोरली बहीण माझी. सारखी बोलावणं धाडते. नंतरचा निघाला, तर... नाही जाणार.”

खाली फाट्यावर एस.टी. येऊन थांबली. अक्काच्याच गावची. जनार्दनानं तिकडं पाहिलं, मान वळवली, पुन्हा पाहिलं.

“तुमचं भिंग काय म्हणतं?”

“वसंताचा पुढचा दात पडलाय, बघा. माझ्याहून तो सहा-सात वर्षांनी मोठा. म्हणजे मी होतो! पाळण्यात होतो!”

“मग ठरलं की.”

“ठरलं...” तो मटकन बसला. “पण मन घेत नाही.”

“तान्ह्याला उभं करत नसतील यंत्रापुढं.”

“नसत करत. दात येईस्तोवर नाही, दृष्ट लागते म्हणून. ठाऊक आहे मला. सबब ती!”

फकिरानं सुई गोधडीत खोचून ठेवली. फोटो मागून घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

“सगळे समोर बघताहेत. आई कुठं बघते?”

“बाजूला. सवय नव्हती तिला. हलली असेल...” जनार्दन थांबला. “नाही. हललेली नाही. चेहरा स्वच्छ आलाय.”

फकिरानं फोटो गोधडीवर ठेवला. आईच्या डोळ्यांपासून बोट निघालं, ती बघत होती त्या दिशेनं हळूहळू सरकलं. फोटोची कड आली. बोट थांबलं नाही. खाली गोधडीवर उतरलं आणि तिथं टेकलं.

“इथं कोण आहे?”

“इथं? इथं गोधडी आहे तुमची!”

“बरं. फोटोत तुम्ही नाही. आणखी कोण नाही?”

जनार्दन हसायला गेला. हसू अर्ध्यातच राहिलं.

“अक्का.”

“सासरी होती?”

“छे हो. तिचं लग्न तर माझ्या मुंजीनंतर...”

इतकी वर्षं भिंग घेऊन त्यानं त्या फोटोत एकच माणूस शोधला होता. स्वतःला.

खाली एस.टी.नं भोंगा दिला.

जनार्दनानं फोटो उचलला. पालथा केला. खिशातून पेन काढलं, आणि पेन काही केल्या टेकेना.

“बाबा... मागं साल लिहायचं राहिलंय. काय लिहू?”

फकिरानं गोधडीतली सुई उपसली. दोरा ओढून घेतला.

“लिहा... अक्काचे हात मोकळे नव्हते, त्या साली.”